कोणत्या कामाला कोणता प्रोसेसर?

शाळेसाठी अथवा सार्वजनिक ग्रंथालयासाठी नवा संगणक घ्यावयाचे ठरले, की व्यवस्थापक मंडळापुढे बहुधा दोन प्रकारची दरपत्रके येतात. एकात मेजावर ठेवावयाच्या साध्या संगणकाचा, म्हणजे डेस्कटॉपचा, प्रोसेसर सुचविलेला असतो, दुसऱ्यात सर्व्हरचा. दुसऱ्याची किंमत पुष्कळच अधिक असते आणि त्याच्या वर्णनात आकडेही मोठमोठे असतात. ज्या अर्थी किंमत अधिक, त्या अर्थी वस्तूही अधिक वेगवान असली पाहिजे, असे अनुमान सभासद सहजच काढतात. कधी याच्या उलट घडते. स्वस्तात मिळालेला साधा संगणक रात्रंदिवस चालू ठेवून सगळ्या संस्थेच्या नोंदी त्याच्यावर सोपविल्या जातात, आणि त्या नोंदींत एखादी चूक शिरली तर ती कळण्याचा काही मार्गच उरत नाही.

दोन्ही प्रसंगी खर्च होणारा पैसा सार्वजनिक असतो. तो नको तेथे खर्च झाला, तर तेवढी पुस्तके कमी येतात. आणि हवा तेथे खर्च झाला नाही, तर अनेक वर्षे जमविलेली माहिती धोक्यात येते. म्हणून या दोन प्रोसेसरांतील भेद नीट समजावून घेणे अगत्याचे आहे. हा भेद चांगल्या आणि वाईट वस्तूंमधला नाही. दोन निरनिराळ्या प्रकारच्या कामांसाठी मुद्दाम केलेल्या दोन रचना, असे त्याचे स्वरूप आहे. काम कोणते, हे आधी ठरले म्हणजे प्रोसेसर कोणता, हे ठरविणे फारसे अवघड राहत नाही.

वेगाची मर्यादा

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा आकडेमोड करणारा भाग. स्मृतीतून आज्ञा उचलावयाची, तिच्यात सांगितलेल्या संख्या आणावयाच्या, बेरीज, तुलना अथवा स्थानांतर करावयाचे आणि उत्तर परत स्मृतीत ठेवावयाचे, एवढेच त्याचे काम. हे काम एका विद्युत्-घड्याळाच्या ठोक्यावर चालते. या ठोक्यांना स्पंदने म्हणतात. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या ४००४ या प्रोसेसरात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. १९८१ च्या आय.बी.एम. वैयक्तिक संगणकातील प्रोसेसर सेकंदाला ४७ लाख ७० हजार स्पंदने घेत असे. आजचे डेस्कटॉप प्रोसेसर सेकंदाला ५०० कोटींहून अधिक स्पंदने घेऊ शकतात. सेकंदास १०० कोटी स्पंदने म्हणजे एक गिगाहर्ट्झ.

हा वेग असाच वाढत राहील अशी अपेक्षा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होती. परंतु २००४ च्या सुमारास ती फोल ठरली. त्याचे कारण उष्णता हे होय. चिपला लागणारी वीज स्थूलमानाने स्पंदनांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि शिवाय विद्युत्-दाबाच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. वेग वाढवावयाचा म्हटला म्हणजे दाबही वाढवावा लागतो. समजा, दोन्ही दीडपट केले. तर वीज दीडपट न वाढता दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ ३.४ पट लागते. ही सर्व वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. नखाएवढ्या जागेतून ती काढून घेणे दुर्घट होऊ लागले, तेव्हा निर्मात्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. एकच गणक अधिक वेगाने पळविण्याऐवजी एकाच प्रोसेसरात अनेक गणक बसविण्यास त्यांनी आरंभ केला. अशा प्रत्येक स्वतंत्र गणकाला कोअर म्हणतात. २००५ मध्ये दोन कोअर असलेले प्रोसेसर साध्या संगणकांतही आले.

येथूनच दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. कोअर थोडे, पण प्रत्येकाला भरपूर वीज देऊन अतिवेगाने चालविलेले, ही डेस्कटॉपची वाट. कोअर पुष्कळ, पण प्रत्येक जण बेताने चालणारा, ही सर्व्हरची वाट.

एकाच विटांच्या दोन इमारती

हा भेद स्पष्ट दाखविणारे एक उदाहरण ए.एम.डी. या कंपनीच्या दोन प्रोसेसरांचे आहे. दोन्ही २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. डेस्कटॉपसाठी असलेल्या प्रोसेसराचे नाव रायझन ९ ७९५०एक्स. सर्व्हरसाठी असलेल्याचे एपिक ९६५४. विशेष हा, की दोन्ही प्रोसेसर एकाच प्रकारच्या लहान चिपांपासून जोडलेले आहेत. प्रत्येक लहान चिपमध्ये आठ कोअर असतात. रायझनमध्ये अशा दोन चिपा आहेत, म्हणजे एकूण १६ कोअर. एपिकमध्ये बारा आहेत, म्हणजे ९६ कोअर. स्मृतीशी व इतर भागांशी दळणवळण ठेवणारी मधली चिप मात्र दोहोंत वेगळी आहे. वीट एकच, परंतु एकीचे घर बांधले आणि दुसरीची धर्मशाळा, असा हा प्रकार.

आता आकडे पाहू. रायझनचा मूळ वेग ४.५ गिगाहर्ट्झ असून तो ५.७ पर्यंत चढू शकतो. एपिकचा मूळ वेग २.४ असून तो ३.७ पर्यंतच चढतो. म्हणजे एकच काम एकाच कोअरवर चालवावयाचे असेल, तर बाजारात आला तेव्हा ६९९ डॉलर किंमत असलेला रायझन हा ११,८०५ डॉलर किंमतीच्या एपिकला सहज मागे टाकतो. सोळापटीहून अधिक किंमत मोजूनही असे काम हळूच होते. अनेकांना हे नवल वाटेल. परंतु दोन्हींतील कोअर एकाच जातीचे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे नवलाचे कारण उरत नाही.

असे का केले, याचे उत्तर विजेच्या हिशेबात आहे. रायझनची उष्णतामर्यादा १७० वॉट धरलेली आहे. ती १६ कोअरांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १०.६ वॉट येतात. एपिकची मर्यादा ३६० वॉट. ती ९६ कोअरांत वाटली तर प्रत्येकाला अवघे ३.७५ वॉट मिळतात. वर सांगितलेल्या नियमानुसार वेग थोडा कमी केला की वीज पुष्कळच वाचते. जेथे शेकडो यंत्रे एका दालनात अहोरात्र चालावयाची आणि त्यांची उष्णता काढण्यासाठी पुन्हा वीज खर्चावयाची, तेथे ही बचत मोलाची ठरते. एकट्या मनुष्याच्या मेजावर मात्र तिचे महत्त्व नाही. त्याला आपली आज्ञा तत्काळ पाळली जावी, एवढेच हवे असते.

शंभर मिनिटांचे गणित

कोअरांची संख्या वाढली म्हणजे काम त्या प्रमाणात लवकर होते काय? या प्रश्नाचा विचार जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये केला, आणि त्यातून निघालेला नियम आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा आशय स्वयंपाकघरात सहज उमगतो. पोळ्या लाटणारे हात वाढविले तर पोळ्या लवकर होतात. पण पुरणाची डाळ शिजावयास लागणारा वेळ हात वाढवून कमी होत नाही, आणि ती शिजल्याखेरीज पुढचे काम सुरूही होत नाही. संगणकाच्या कामातही काही भाग वाटून देता येतो आणि काही भाग क्रमानेच करावा लागतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या कामाला वेगवान डेस्कटॉप कोअरवर १०० मिनिटे लागतात. त्यांपैकी १० मिनिटांचा भाग क्रमाने करावयाचा असून ९० मिनिटांचा वाटून देण्याजोगा आहे. सर्व्हरचा एक कोअर डेस्कटॉपच्या कोअरपेक्षा दीडपट वेळ घेतो असे धरू. १६ कोअरांच्या डेस्कटॉपवर क्रमाच्या भागाला १० मिनिटे आणि उरलेल्याला ९० भागिले १६, म्हणजे ५.६ मिनिटे लागतील, एकूण १५.६. आता ९६ कोअरांचा सर्व्हर पाहा. क्रमाच्या भागाला १५ मिनिटे, आणि उरलेल्याला १३५ भागिले ९६, म्हणजे १.४ मिनिटे; एकूण १६.४. सहापट कोअर असूनही सर्व्हर मागे राहिला!

आता क्रमाचा भाग १० मिनिटांऐवजी केवळ १ मिनिटाचा आहे असे माना. डेस्कटॉपला १ अधिक ६.२, म्हणजे ७.२ मिनिटे लागतील. सर्व्हरला १.५ अधिक १.५, म्हणजे सुमारे ३ मिनिटे पुरतील. या वेळी सर्व्हरने निर्विवाद बाजी मारली. यंत्रे तीच, पालटले ते केवळ कामाचे स्वरूप. म्हणून आपले काम कितपत वाटून देता येते, हा पहिला प्रश्न विचारल्यावाचून कोअरांच्या संख्येला काहीच अर्थ नाही. प्रत्यक्षात सर्व कोअर एकदम कामाला लागले की दोन्ही यंत्रांचा वेग काहीसा उतरतो. पण त्यामुळे या तर्कात फरक पडत नाही.

स्वभावतःच वाटलेली कामेही पुष्कळ असतात. एका यंत्राकडे हजार माणसे निरनिराळ्या मागण्या करीत असतील, तर एकाची मागणी दुसऱ्यासाठी खोळंबत नाही. पुणे जिल्ह्यात खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांनी टिपलेल्या संकेतांचे असंख्य लहान तुकडे पाडून ते वेगवेगळे तपासता येतात. अशा कामांसाठी अनेक कोअरांची यंत्रे, किंबहुना अशा यंत्रांचे समूहच, योग्य ठरतात. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी पुण्याचा संगणक याच दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेला परम ८००० हाही अनेक प्रोसेसर एकत्र राबविण्याच्याच तत्त्वावर उभा होता.

स्मृतीकडे जाणारे रस्ते

गणक कितीही असले, तरी त्यांना आकडे पुरविणारी स्मृती तेवढीच तत्पर हवी. नाही तर ते रिकामे बसून राहतात. प्रोसेसर व स्मृती यांना जोडणाऱ्या मार्गांना चॅनेल म्हणतात. वर उल्लेखिलेल्या रायझनला असे दोन मार्ग असून त्यांवरून सेकंदाला ८३.२ अब्ज बाइट जाऊ शकतात. एपिकला बारा मार्ग असून त्यांची एकूण क्षमता सेकंदाला ४६०.८ अब्ज बाइट आहे. हा आकडा पाहून मन दिपून जाते. परंतु दर कोअरमागे हिशेब केला, तर रायझनच्या कोअरला ५.२ अब्ज आणि एपिकच्या कोअरला ४.८ अब्ज बाइट मिळतात. दोघांचा वाटा जवळजवळ सारखाच!

यातून एक व्यवहारी सूचना निघते. बारा मार्गांचा लाभ बारा स्मृतिपट्ट्या बसविल्या तरच होतो. काटकसर म्हणून महाग प्रोसेसराबरोबर दोनच पट्ट्या घेतल्या, तर मार्गही दोनच वापरले जातात आणि क्षमता सेकंदाला ७६.८ अब्ज बाइटांवर येते, म्हणजे साध्या डेस्कटॉपपेक्षाही कमी. सर्व्हरचा प्रोसेसर घेणाऱ्याने त्याला साजेसा पट, स्मृती, शीतनाची व्यवस्था आणि जागा यांचाही खर्च मनाशी धरला पाहिजे. नुसता प्रोसेसर मोठा घेऊन भागत नाही.

स्मृती किती बसविता येईल, यातही मोठे अंतर आहे. रायझन ७९५०एक्स बाजारात आला तेव्हा त्याची मर्यादा १२८ गिगाबाइट होती; एपिक ९६५४ ची सहा टेराबाइट, म्हणजे सुमारे पन्नासपट. साठवणीच्या तबकड्या आणि जालयंत्रे जोडण्यासाठी ज्या मार्गिका लागतात, त्या एपिकमध्ये १२८ आहेत, तर रायझनमध्ये उपयोगास मिळणाऱ्या अवघ्या २४. शिवाय एपिक ९६५४ चे दोन प्रोसेसर एकाच पटावर एकत्र काम करू शकतात. प्रचंड माहितीसाठा एकाच यंत्रात खेळवावयाचा असेल, तर येथे डेस्कटॉपचा निरुपाय होतो.

उलटलेला बिट

वेग व संख्या यांहूनही महत्त्वाची अशी एक गोष्ट सर्व्हरच्या बाबतीत आहे. ती म्हणजे चूक ओळखण्याची सोय. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक बिट हा एक सूक्ष्म विद्युत्-भार असतो. भार असला तर एक, नसला तर शून्य. बाहेरून एखादा प्रबळ कण आदळला, तर हा भार बदलून एकाचे शून्य अथवा शून्याचे एक होऊ शकते. १९७८ मध्ये इंटेलमधील टिमोथी मे व मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या आवरणातील किरणोत्सारी द्रव्याच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कणही असा उत्पात घडवितात. पुढे विश्वकिरणांमुळेही हेच घडते असे आढळून आले. यात चिप बिघडत नाही. तिच्यातील माहिती तेवढी बदलते, आणि ती बदलल्याची कोणतीही खूण मागे राहत नाही.

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्स भागातील स्कारबेक येथे संगणकाने केलेल्या मतमोजणीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते पडलेली दिसली. फेरमोजणीत फरक नेमका ४०९६ मतांचा निघाला. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. द्विमान पद्धतीत लिहिलेल्या संख्येतील एकच अंक शून्याचा एक झाला, की नेमका एवढाच फरक पडतो. कार्यक्रमात कोणताही दोष सापडला नाही, तेव्हा स्मृतीतील एक बिट आपोआप उलटला असावा, हेच सर्वांत संभाव्य कारण मानले गेले. आकडा अशक्य कोटीतला होता म्हणून चूक लक्षात आली. तो शक्य कोटीत असता, तर कोणाला शंकाही आली नसती.

अशा चुकांवरील उपाय मात्र फार जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती काम करीत. तेथील संगणक सुटीच्या दिवशी देखरेखीवाचून चाले, आणि चूक आढळली की हाती असलेले काम टाकून पुढच्या कामाकडे वळे. यंत्राला चूक झाली एवढे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न हॅमिंग यांना पडला. त्याचे उत्तर त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केले. मूळ बिटांबरोबर थोडे जादा बिट अशा रीतीने ठेवावयाचे, की त्यांच्या सम-विषमतेवरून चुकलेल्या बिटाची जागा निघावी. बिटाला दोनच किमती असल्यामुळे जागा कळली की दुरुस्ती झालीच. ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवले, तर एक चूक दुरुस्त होते आणि दोन चुका झाल्या तर निदान त्यांची सूचना मिळते. अशा स्मृतीला चूक-दुरुस्ती स्मृती अथवा ई.सी.सी. स्मृती म्हणतात, आणि सर्व्हरमध्ये ती गृहीतच धरलेली असते.

अशा चुका क्वचितच होतात, असा समज पूर्वी होता. टोरांटो विद्यापीठ व गूगल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने तो दूर केला. गूगलच्या सर्व्हरांपैकी सुमारे एकतृतीयांश यंत्रांत वर्षाकाठी निदान एक चूक दुरुस्त करावी लागत होती, आणि वर्षभरात सुमारे आठ टक्के स्मृतिपट्ट्यांत चूक आढळत होती. म्हणजे काही पट्ट्या निर्दोष राहतात आणि काही वारंवार चुकतात. कोणती पट्टी चुकते, हे सांगणारी सोयच यंत्रात नसेल, तर ती पट्टी वर्षानुवर्षे तशीच राहणार. अलीकडच्या डी.डी.आर.५ जातीच्या स्मृतीत प्रत्येक चिपच्या आत काही दुरुस्ती होते खरी. पण स्मृतीपासून प्रोसेसरापर्यंतच्या वाटेवर होणारी चूक तिला दिसत नाही. पूर्ण संरक्षणासाठी ई.सी.सी. पट्ट्याच हव्यात.

नावावर जाऊ नये

येथवर वाचून सर्व्हर म्हणजे महाग आणि सुरक्षित, डेस्कटॉप म्हणजे स्वस्त आणि असुरक्षित, असा निष्कर्ष कोणी काढील. तोही बरोबर नाही. रायझन ७९५०एक्स ई.सी.सी. स्मृती वापरू शकतो. मात्र ज्या पटावर तो बसवावयाचा, त्या पटाच्या निर्मात्याने ती सोय दिलेली असली पाहिजे. मे २०२४ मध्ये ए.एम.डी.ने एपिक ४००४ नावाची मालिका काढली. हिच्यातील ४५६४पी या प्रोसेसरात १६ कोअर असून त्याचा वेग ४.५ ते ५.७ गिगाहर्ट्झ, उष्णतामर्यादा १७० वॉट आणि घोषित किंमत ६९९ डॉलर होती. हे सगळे आकडे वाचकांनी वर पाहिलेलेच आहेत. डेस्कटॉपचीच रचना सर्व्हरच्या नावाने आणि सर्व्हरच्या कसोट्या लावून देण्यात आली होती. इंटेलनेही १९९८ पासून सर्व्हरसाठी झिऑन हे वेगळे नाव वापरले. परंतु त्याच नावाखाली लहान सर्व्हरांसाठी निघालेल्या काही मालिका रचनेने डेस्कटॉपच्या अगदी जवळच्या आहेत.

म्हणून दरपत्रकात "सर्व्हर प्रोसेसर" एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही. कोअर किती, एका कोअरचा वेग किती, स्मृतीचे मार्ग किती, ई.सी.सी. आहे की नाही आणि वीज किती लागते, हे पाच आकडे मागून घ्यावेत.

ग्रंथालयाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ५०,००० पुस्तकांचे एखादे जिल्हा ग्रंथालय आहे आणि त्याची सूची संगणकावर ठेवावयाची आहे, असे समजा. यासाठी न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी तयार झालेली व जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली कोहा ही निःशुल्क प्रणाली आहे, आणि भारताच्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीस २,००० अक्षरे धरली, तर एकूण १० कोटी अक्षरे होतात. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास बहुधा तीन बाइट लागतात; म्हणजे सगळी सूची सुमारे ३० कोटी बाइटांत मावते. साध्या संगणकातील १६ गिगाबाइट स्मृतीत अशा पन्नास सूच्या राहतील.

वाचनकक्षात ३० वाचक बसले असून प्रत्येक जण दर अर्ध्या मिनिटाला एक पुस्तक शोधतो असे मानले, तर सेकंदाला एकच शोध पडतो. सेकंदाला अब्जावधी क्रिया करणाऱ्या यंत्राला हे ओझे मुळीच नाही. तेव्हा या ग्रंथालयाला ९६ कोअर नकोत, बारा स्मृतिमार्ग नकोत. सहा किंवा आठ कोअरांचा साधा प्रोसेसर त्याला पुरेसा आहे. मात्र या यंत्रात संस्थेचा एकमेव नोंदसंग्रह राहणार असल्यामुळे ई.सी.सी. स्मृती, साठवणीसाठी दोन तबकड्या, वीज गेल्यास यंत्र शिस्तीने बंद करता येईल एवढा विद्युत्-साठा, आणि नोंदींची दुसऱ्या इमारतीत ठेवलेली प्रत, या चार गोष्टी अवश्य हव्यात. प्रोसेसरावर वाचविलेला पैसा या चार गोष्टींवर खर्च करणे हाच शहाणपणा होय. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ई.सी.सी. स्मृती उलटलेला बिट दुरुस्त करील. आगीत जळालेली अथवा चुकून पुसलेली सूची ती परत आणणार नाही.

शाळेच्या संगणककक्षाचा विचार वेगळा. तेथे प्रत्येक विद्यार्थी आपल्या यंत्रावर लिहितो, चित्रे काढतो, लहान कार्यक्रम रचतो. ही कामे एका वेळी एक-दोन कोअरच वापरतात. म्हणून कोअर मोजके पण वेगवान असलेला डेस्कटॉप प्रोसेसर येथे योग्य. याउलट, एखाद्या विद्यापीठाला शेकडो विद्यार्थ्यांचे काम एकाच मध्यवर्ती यंत्रावर चालवावयाचे असेल, अथवा संशोधकांची दीर्घ गणिते एकाच वेळी करावयाची असतील, तर तेथे खरा सर्व्हर प्रोसेसर आपली किंमत वसूल करून देतो.

मोठ्या कार्यालयांनी काढून टाकलेले जुने सर्व्हर अल्प किमतीत मिळतात, आणि त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. कोअर पुष्कळ, ई.सी.सी. स्मृतीही असते. पण विजेचा हिशेब आधी करावा. असे यंत्र सरासरी १५० वॉट आणि नवा साधा संगणक ४० वॉट घेतो असे धरले, तर फरक ११० वॉटांचा. वर्षभर अहोरात्र चालविल्यास तो सुमारे ९६४ युनिटांचा होतो. युनिटला ८ रुपये दर धरल्यास वर्षाला ७,७०० रुपयांहून अधिक, आणि पाच वर्षांत सुमारे ३८,५०० रुपये निव्वळ विजेत जातात. शिवाय पंख्यांचा आवाज वाचनकक्षाला मानवत नाही, आणि जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळविणे दिवसेंदिवस कठीण होत जाते. स्वस्त यंत्र महाग पडते ते असे.

खरेदीपूर्वी व्यवस्थापक मंडळाने पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. यंत्र एका मनुष्यासाठी आहे की अनेकांसाठी? अनेकांसाठी असल्यास एका वेळी किती जण ते वापरतील? काम वाटून देण्याजोगे आहे की क्रमाने करावयाचे? माहितीचा साठा किती, आणि पाच वर्षांनी तो किती होईल? यंत्र दिवसाचे किती तास चालेल? एखादा आकडा गुपचूप बदलला तर कोणाचे किती नुकसान होईल? ही उत्तरे हाती घेऊनच दरपत्रके मागवावीत आणि प्रत्येक आकडा त्या उत्तरांशी ताडून पाहावा. एवढे श्रम घेतले, तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहण्याचे कारण पडत नाही, आणि उरलेल्या रकमेत ग्रंथालयाला पुस्तकेही घेता येतात.